गोषवारा आणि पाठभेद

२०१९ च्या ऑगस्टमधील महापूर ओसरल्यावर पूरग्रस्त विद्यार्थ्यांची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. प्रत्येकाने स्वहस्ते भरलेली एकेक ओळ: नाव, गाव, काय वाहून गेले. एका तरुण सहकाऱ्याने एक्सेलमधील पॉवर क्वेरी दाखविली. 'ग्रुप बाय' निवडायचे, गावाचा रकाना सांगायचा, ओळी मोजायला सांगायच्या. गावनिहाय गोषवारा क्षणात तयार.

त्या गोषवाऱ्यात कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरची नृसिंहवाडी तळाशी होती. मदत याच आकड्यांवरून वाटली जाणार होती आणि मी कागद पुढे देणारच होतो. मग दिसले, की एकच गाव चार ठिकाणी विखुरले आहे: नृसिंहवाडी, नरसोबावाडी, नरसोबाची वाडी आणि नुसतेच 'वाडी'. यंत्र अक्षरे जुळवते. गाव ओळखत नाही. वर्गात वर्षानुवर्षे पाठभेद शिकविणाऱ्या मला हे आधी सुचू नये, याची लाज वाटली.

मग चारही नावांसमोर एकच प्रमाण नाव लिहिलेला तक्ता केला, तो मूळ यादीला जोडला आणि त्या नव्या रकान्यावर पुन्हा गट पाडले. गाव वर आले. या खेपेस मोजणीबरोबर 'ऑल रोज'ही निवडले, म्हणजे प्रत्येक आकड्यामागे त्याच्या सगळ्या ओळी शाबूत राहतात.

मुलांनी लिहिलेला मूळ रकाना मात्र मी पुसला नाही. संहिता सिद्ध झाली तरी पाठभेद तळटीपेत जपायचे असतात. ज्याने नुसते 'वाडी' लिहिले, त्याच्या लेखी जगात दुसरी वाडीच नव्हती. हे कोणत्याही बेरजेत येत नाही.