कापसाच्या गावचे पडदे

वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूरच्या काळ्या रानात हिवाळ्यात कुठेतरी जवसाचा एखादा तुकडा असतो. सकाळी तो निळा दिसतो, दुपारपर्यंत पाकळ्या गळूनही जातात. शहरातल्या महागड्या दुकानांत लिननचे पडदे मिळतात ते याच जवसाच्या झाडाचे, असं इथल्या एखाद्या काकूंना सांगितलं तर त्या हसतील. त्यांच्या लेखी जवस म्हणजे तेल आणि भाकरीसोबतची चटणी. काडीला कोण विचारतो?

काकूंचं चुकतही नाही. आपला जवस तेलाचा, बुटका आणि फांद्या फुटलेला. धाग्याचा जवस दाट पेरतात, म्हणजे तो कमरेपर्यंत सरळसोट वाढतो. उत्तर फ्रान्स, बेल्जियमकडे तो मुळासकट उपटून शेतातच पसरतात. काही आठवडे दव आणि पाऊस खाऊन काडी कुजते आणि सालीतला धागा सुटा होतो. आमच्याकडे जवस निघतो तोवर उन्हं तापलेली असतात, काडी हातात खुळखुळते. दव आणायचं कुठून? तेव्हा लिननसाठी हळहळण्यात अर्थ नाही. घराला कापड हवं तर कापसाकडेच वळावं, तो तर दाराशी आहे.

दाराशी आहे आणि घरात नाही. पऱ्हाटीवरचा कापूस हिंगणघाटच्या बाजारात जातो, आणि त्याच पैशातून खिडकीला येतो गुलाबाची फुलं छापलेला चकचकीत पॉलिस्टरचा पडदा. का घेतात ते कळतं मला. स्वस्त असतो, इस्त्री लागत नाही, धुतला की तासाभरात वाळतो. लवकर वाळतो, कारण पाणी पितच नाही. आणि वैशाखात नेमकं पाणी पिणारं कापड हवं असतं. जाड सुती चादर ओली करून खिडकीला लावली की बाहेरची झळ तिच्यातून येताना थंड होते. वाळ्याच्या ताटीचं काम ती निम्म्या खर्चात करते. आमची हवा कोरडी म्हणून हे जमतं. मुंबईच्या दमट हवेत हीच चादर नुसती कुबट वास मारील.

घर सजवणं म्हणजे काय, याचं माझं आवडतं उत्तर सेवाग्रामला बापूकुटीत आहे. मीराबेननी तिथल्या मातीच्या भिंतींवर ताडाची झाडं आणि चरखा उठावात काढलेत, मातीनेच. खाली चटई, बसायला पांढरी गादी. सजावट म्हणून वेगळं काही आणलेलंच नाही. इतकं साधं राहणं मला झेपणार नाही, कबूल. मला रंग लागतो. त्यासाठी वर्ध्याचं मगन संग्रहालय आहे. १९३८ साली गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं. चरख्यावर प्रयोग करण्यात आयुष्य घालवलेल्या मगनलाल गांधींचं नाव त्याला दिलं आहे, आणि वनस्पतींच्या रंगांत रंगवलेली खादी तिथे होते. निळीचा निळा, मंजिष्ठेचा लाल, डाळिंबाच्या सालीचा पिवळा, असे हे रंग भिंतीवर ओरडत नाहीत. उन्हाने ते फिके पडतात ही अनेकांची तक्रार. मला मात्र पश्चिमेच्या खिडकीतला विटका पिवळाच जास्त आवडतो. नवा होता तेव्हा जरा आगाऊ वाटत होता.

अंबाडीलाही विसरू नये. पाल्याची भाजी करायची आणि सालीच्या वाखाची दोरी वळायची. त्या दोरीने विणलेली बाज आता अंगणातून अडगळीत गेली, तिथे प्लास्टिकच्या पट्ट्यांची आली. उन्हाळ्यात त्या पट्ट्या पाठीला चिकटतात, तरी कोणी काही म्हणत नाही.

खादीचे पडदे शिवणार असाल तर कापड आधी रात्रभर पाण्यात भिजत घाला आणि सावलीत वाळवा, मगच शिंप्याकडे द्या. तरीही चार बोटं जास्तीची दुमड खाली ठेवायला सांगा, कारण पहिल्या दोन धुण्यांत पडदा आणखी थोडा वर चढतो. शिंपी म्हणेल, कापड वाया जातं. त्याचं ऐकू नका.