उसन्या धारेचा मानकरी

सलूनच्या आरशासमोर कंगवे, कात्र्या, पावडरचा डबा असं सगळं गणगोत पसरलेलं असतं. त्यात मिटून पडलेला हा सडपातळ गृहस्थ पटकन नजरेत भरत नाही. पण खुर्चीत बसून मान मागे टाकली की जीव आणि अब्रू दोन्ही याच्याच हवाली. हा वस्तरा, अर्ध्या ब्लेडचा. कारागिराच्या हातून त्याची गाठ पडणं वेगळं आणि आपल्या हाताने त्याला आपल्या गालावर बोलावणं वेगळं. तुम्ही दुसऱ्या वाटेने निघाला असाल, तर स्वभाव आधी माहीत असलेला बरा.

घराणं मोठं. आजोबा धोकटीत राहायचे: अस्सल पोलादी, वजनदार, दगडावर आणि चामड्याच्या पट्ट्यावर रोज सेवा करून घेणारे. या घराण्याला नको ती कामंही करावी लागली. विधवांच्या डोक्यावरून तेच फिरायचे. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळी जमली आणि यापुढे हे काम करायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. घराण्याच्या सगळ्या पराक्रमांत मला या नकाराचा अभिमान जास्त वाटतो.

आजोबांची एकच धार दिवसभर दहा गालांवरून फिरायची. 1986 साली देशात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले. रक्तातून पसरणारे आजार दाढीच्या खुर्चीपर्यंत येऊ शकतात हे पुढे गावोगाव कळलं आणि गिऱ्हाईक बसायच्या आधीच ‘नवीन ब्लेड टाका’ म्हणू लागलं. मग सगळीकडे या नातवाचं राज्य आलं. त्याला स्वतःची धारच नाही. आहे तो फक्त ब्लेड धरायचा सांगाडा आणि मूठ. ब्लेडही कुणाचं, तर जन्माच्या वैऱ्याचं. 1904 साली किंग जिलेट यांना सेफ्टी रेझरचं पेटंट मिळालं, तेव्हापासून ज्या पातळ दुधारी ब्लेडने वस्तऱ्याचं घरोघरचं बस्तान उठवलं, तेच अर्धं मोडून हा आपल्या जबड्यात धरतो आणि वर ऐटीत चालतो.

मोडण्याचा विधी बघण्यासारखा. ब्लेड कागदातून काढायचं नाही. कागदासकट लांबीत दुमडायचं. मधल्या खाचांपाशी ते कच्चं असतं, तिथेच कट् करून मोडतं. अर्धं आत सरकवायचं, उरलेलं कागदात परत. बसवताना घाई नको. एक टोक केसभर बाहेर राहिलं, तरी तो कोपरा नेमका तुमचा गाल शोधून काढतो.

स्वभाव तापट, आणि त्याचं मूळ हलक्या अंगात आहे. आजोबांचं पातं स्वतःच्या भाराने उतरायचं. याला भार नाही, म्हणून नवशिक्याचा हात नकळत दाब देतो आणि दाब याला मुळीच खपत नाही. कातडीशी साधारण तीस अंशांचा कोन, ही त्याची अट. फार आडवा धरलात तर केस ओढतो, फार उभा केलात तर कातडं खरवडतो. कोमट पाण्यात आणि फेसात कंजूषी केलीत, तर तो तुमची बिनपाण्यानेच करतो.

म्हणून शिकाऊ पोराला आधी फुगा देतात. फुगवलेल्या फुग्यावर फेस फासायचा आणि फुगा शाबूत ठेवून तो वस्तऱ्याने उतरवायचा. फट् आवाज झाला की सगळं सलून मागे वळून बघतं.

मुरलेल्या कारागिराकडे बघताना सगळे उजवा हात बघतात. तुम्ही डावा बघा. निम्मं काम त्याचं. कातडं ताणून तो वस्तऱ्यापुढे सपाट रस्ता टाकत जातो. ओली बोटं घसरतात, म्हणून ती तुरटीच्या खड्यावर घासून घ्यायची. मग पकड येते. कंठमण्यावर तर सरळ जायचंच नाही. तिथलं कातडं बाजूला ओढून घ्यायचं आणि त्या बाजूलाच काम उरकायचं.

स्वतःची दाढी करताना हा दोन्ही हात मागतो. उजव्या हाताला मान देतो, डाव्याला नवख्यासारखं वागवतो. पहिले काही दिवस कल्ल्याखालच्या गालापुरतंच त्याला बोलवावं, बाकीचा चेहरा सेफ्टी रेझरकडे सोपवावा. हनुवटी आणि वरचा ओठ शेवटी. केसांच्या उलट दिशेने जाणं तर त्याहूनही पुढे.

आजोबांच्या वेळी दाढी बिघडली तर धार गेली असं सांगून सुटता यायचं. नातवाने ती सोय ठेवलेली नाही. धार रोज कोरी, तेव्हा चूक हाताचीच. त्याचा हा रोखठोकपणा मला फार आवडतो. हात बसला की बोलतोही: फेसातून खर्र असा एकसारखा आवाज येत राहतो. तो मध्येच तुटला की कोन बघायचा.

काम झालं की खिळीपाशी पाणी राहू देऊ नका, गंजतो. आणि वापरलेलं अर्धं पातं उघडं कचऱ्यात टाकू नका. जाड कागदात घट्ट गुंडाळा, नाहीतर झाकणाच्या डब्यात साठवा. सकाळी कचरा उचलणाऱ्या बाईंच्या हातात हातमोजे असतातच असं नाही.