हात चालतो, नजर थांबते

प्रदर्शन संपलं की चित्र अडतं. जलरंगात काम करणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव येतो आणि जो तो म्हणतो, विषय सुचत नाहीत. मला ते पटत नाही. मेणवलीचा घाट जागेवर आहे, नाशिकचा गोदाकाठ जागेवर आहे, पहिल्या पावसात दगड दर वर्षी नव्याने काळे होतात. अडचण वेगळीच असते. घाटासमोर बसल्यावर पायऱ्या कशा रंगवायच्या हे हाताला आधीच ठाऊक असतं. उन्हाची जागा कोरी सोडायची, सावलीचा वॉश एका दमात ओढायचा, ओल्यात गडद रंग सोडून पाण्यातलं प्रतिबिंब आणायचं. सगळं जमतं आणि चित्र निर्जीव निघतं, कारण समोरच्या पायऱ्या पाहिलेल्याच नसतात. मागच्या चित्रातल्या पुन्हा उतरवलेल्या असतात.

म्हणजे अडते ती नजर. ती मोकळी करायची तर आधी हाताची सोय काढून घ्यावी लागते.

अशा दिवसांत मी पॅलेटवर दोनच रंग ठेवतो, अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना. कागद पोस्टकार्डाएवढा, पण जाड आणि खरबरीत. हे दोन रंग एकमेकांत मिसळले की राखाडी होतो. निळा वाढवला तर पावसाळी, तपकिरी वाढवला तर उन्हाने तापलेल्या भिंतीसारखा. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात, तो पोत ब्रशने ठरवून आणता येत नाही. तो पाहावा लागतो, पाणी किती घ्यायचं ते त्यावरून ठरवावं लागतं. आणि मुख्य म्हणजे, या जोडीतून खरा हिरवा निघतच नाही. मग आंब्याचं झाड ‘हिरवं’ राहत नाही. कुठे गडद, कुठे फिकं, कुठे आभाळाइतकंच उजळ, असं दिसू लागतं. वर्षानुवर्षं ओळखीचं झाड पहिल्यांदा पाहिल्याचा आनंद मला याच दोन रंगांनी दिला आहे. पावसाळ्यात तर वॉश वाळता वाळत नाही. दुसरा थर देता येत नाही, तेवढा वेळ नुसतं बघत बसावं लागतं. ही सक्ती मला फार मोलाची वाटते.

चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास करत. ब्रश बाजूला ठेवून त्यांनी रोलर आणि पॅलेट नाइफ हाती घेतले. सराईत कुंचल्यापासून मुद्दाम दूर जाणं, असा मी त्याचा अर्थ लावतो. 1984 मध्ये त्यांना झालेल्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास काही वर्षं थांबले, तेव्हा त्यांनी कागदावर शाईने लहान रेखाटनं केली. माप बदललं, साधन बदललं, पाहणं चालू राहिलं. चित्रकार प्रभाकर बरवे यांची वाट निराळी. ते वर्षानुवर्षं डायऱ्या लिहीत, त्यांत रेखाटत; पान, घड्याळ असल्या रोजच्या वस्तूंकडे पुन्हापुन्हा वळत. 1990 साली आलेलं त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक चित्र शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावं, असं मी आग्रहाने सांगतो. कोऱ्या पृष्ठभागाची भीती घालवायला त्याइतकी सोबत मला दुसरी मिळाली नाही.

तरुण चित्रकार विचारतात, अडल्यावर काही काळ काम बंद ठेवावं का? विकायचं चित्र जरूर बंद ठेवावं. कागद ताणणं, रंगांच्या पट्ट्या काढणं, लहान कागदावर टोन लावणं बंद करू नये. त्या कागदांना चौकट घालायची नाही, कुणाला दाखवायचे नाहीत, एवढं पथ्य मात्र कसोशीने पाळावं. बघणारा मनात आला की हात लगेच जुन्या सवयीवर जातो.

मग एखाद्या दिवशी दोन रंगांत सांगताच येणार नाही असं काही समोर येतं. भाताच्या रोपांचा, लावणीआधीचा तो कोवळा रंग राखाडीत कसाही बसत नाही. तेव्हा मी सॅप ग्रीनची ट्यूब उघडतो. तो रंग कागदावर नेमका कुठे आणि किती हवा, हे तोवर कळलेलं असतं.