रूट अ‍ॅक्सेस

शनिवार सकाळ, दुसरा चहा. एक जुनी गोष्ट कबूल करून टाकतो.

पहिल्या नोकरीत माझ्याकडे प्रॉडक्शन डेटाबेसचा अ‍ॅक्सेस होता. एका रात्री रिलीज अडकलेला, मी कंटाळलेला... आणि कॉलेजमधल्या एका मुलीचं नाव सहज सर्च केलं. पत्ता, फोन नंबर, सगळं समोर! घाबरून विंडो बंद केली. कुणाला कळलं नाही. कळणार कसं? कोण काय बघतो याचा लॉगच नव्हता.

परवा जे. एडगर हूवरबद्दल वाचताना हे आठवलं. हा माणूस १९२४ ते १९७२, तब्बल ४८ वर्षं, ज्या संस्थेला पुढे एफबीआय नाव मिळालं तिचा प्रमुख होता. राष्ट्राध्यक्ष आठ झाले, साहेब तिथेच! तरुणपणी लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये नोकरी केलेली. तिथली कार्ड-इंडेक्सची पद्धत त्याने पुढे माणसांना लावली.

डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे फोन टॅप झाले, त्यांच्या हॉटेलच्या खोल्यांत मायक्रोफोन लावले गेले. १९६४ मध्ये त्यांना एक टेप आणि निनावी पत्र पाठवण्यात आलं. पत्राचा रोख सरळ होता: जीव दे. पाठवणारी एफबीआयच.

मला सगळ्यात जास्त हादरवलं ते 'डू नॉट फाइल' या प्रकाराने. बेकायदा घरफोडीचे कागद नेहमीच्या नोंदीत घालायचेच नाहीत. म्हणजे कुणी विचारलं तर रेकॉर्ड स्वच्छ! लॉग बंद ठेवायची सोय साहेबांनी स्वतःच करून ठेवलेली.

फुटलं कसं? ८ मार्च १९७१ ला आठ साध्या नागरिकांनी पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया गावचं एफबीआय ऑफिस फोडलं आणि कागद वर्तमानपत्रांना पाठवले. १९७५ मध्ये सिनेटच्या चर्च समितीने चौकशी केली. १९७६ मध्ये कायदा झाला: संचालकाला दहाच वर्षं. तोवर हूवर जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्याच्या खाजगी फायली सेक्रेटरीने नष्ट केल्या होत्या.

हूवर राक्षस होता म्हणून मोकळं होणं सोपं आहे हो. पण त्या रात्री मी विंडो बंद केली ती भीतीने, सिस्टीमने मला अडवलं नव्हतं. आणि मला कुणी ४८ वर्षं दिली असती तर?

आता टीममध्ये ऑडिट लॉगवरून कटकट करणारा म्हणून मी बदनाम आहे. कारण कुणालाच सांगितलेलं नाही. त्या मुलीलाही अजून माहीत नाही.

असो. चहा गार झाला.