सामाईक भिंतीवरचा घुमट

लंडनच्या बेजवॉटर भागात पोर्चेस्टर टेरेसवर क्रमांक ३ आणि क्रमांक ५ अशी दोन घरं आहेत. समोर उभं राहणाऱ्याला मात्र एकच ऐसपैस व्हिला दिसतो. मधोमध काचेचं अर्धगोल वनस्पतिघर पुढे आलेलं, त्यावर काचेचाच घुमट. दारं चटकन सापडत नाहीत, कारण ती दोन्ही अंगांना, बाजूला आहेत. १८२३ ते १८२५ या काळात बागरचनाकार आणि लेखक जॉन क्लॉडियस लाउडननं ही जोडी उभी केली आणि तिच्यातल्या एका घरात तो स्वतः राहायला आला.

शहरातली चाकरमानी माणसं तेव्हा एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगांमध्ये राहत. उजेड फक्त पुढून आणि मागून. चारी बाजू मोकळा व्हिला ही धनिकांची चीज. दोन घरांनी एक भिंत वाटून घेतली, तर खर्च आवरतो आणि प्रत्येकाला तीन बाजूंनी वारा, उजेड, झाडं मिळतात. ही कल्पना लाउडनची नव्हे. सेंट जॉन्स वुडसाठी जोडव्हिलांचा आराखडा १७९४ मध्येच कागदावर उतरला होता. पण अशा जोडीत खरा प्रश्न मधल्या सांध्याचा असतो. क्लार्कनवेलच्या लॉइड बेकर वसाहतीत दोन घरांवर मिळून एकच ग्रीक धाटणीचा त्रिकोणी माथा चढवलेला आहे. देखणा आहे, पण थोडा कडक. लाउडननं त्याच जागी काच आणली. आत जिथे दोन संसार भिंतीनं वेगळे होतात, तिथेच बाहेरून सगळ्यात जास्त प्रकाश आणि हिरवाई. वास्तुरचनेतला इतका उदार विचार मला फार थोड्या ठिकाणी दिसतो.

तो घुमट त्याच्या स्वतःच्या शोधाचा दागिनाही होता. काचा बसवण्यासाठी वाकवता येणारी घडीव लोखंडाची पट्टी त्यानं १८१६ मध्ये तयार केली होती. तिच्यामुळे काचेचं छप्पर सरळ उतरणीतून सुटलं, गोलाईत वळू लागलं.

घराभोवती जवळजवळ सगळीकडून व्हरांडा फिरवलेला होता. पावसापाण्यातही आजारी माणसाला चार पावलं चालता यावीत, म्हणून. हे कारण पुस्तकी नव्हतं. तरुणपणी संधिवाताच्या तापानं लाउडनचं शरीर कायमचं मोडलं होतं. १८२० मध्ये ब्रायटनच्या हमामात मालिश घेताना त्याचा उजवा हात मोडला. १८२५ मध्ये तो खांद्यापासून कापावा लागला. आराखडे आणि वनस्पतींची चित्रं काढणाऱ्याचा हा हात! त्यानं लेखन तोंडी सांगायला सुरुवात केली आणि काम थांबू दिलं नाही.

मग या घरात लाउडनची बायको म्हणून लेखिका जेन आली. तिच्या ‘द ममी’ या भविष्यकाळात घडणाऱ्या कादंबरीतला वाफेचा नांगर लाउडनला इतका आवडला, की त्यानं आपल्या मासिकात त्यावर लिहिलं. लेखक पुरुष असणार, असं तो धरून चालला होता. १८३० मध्ये दोघांची भेट झाली, त्याच वर्षी लग्न. बागकाम तिला येत नव्हतं. ती इथे शिकली आणि १८४० मध्ये तिनं बायकांसाठी बागकामाचं पुस्तक लिहिलं. स्वतःच्या हातानं माती खणायला त्या काळच्या सुखवस्तू इंग्रज स्त्रीला सांगणं ही केवढी गोष्ट! रात्री-रात्री ती नवऱ्याचा मजकूर उतरवून घेई. झाडांवरच्या त्याच्या आठ खंडी ग्रंथानं दहा हजार पौंडांचं कर्ज मागे ठेवलं. ते फेडता-फेडता, डिसेंबर १८४३ मध्ये, याच घरात तो उभ्या-उभ्या गेला. तो कोसळताना जेननं त्याला सावरलं होतं.

उपनगरी बागांवरच्या १८३८ च्या पुस्तकात लाउडननं आपल्या या जोडघराचं वर्णन छापलं. साध्या मिळकतीच्या माणसालाही लहानशा बागेत सुखाचं सगळं मिळू शकतं, ही त्याची त्यातली भूमिका. पुढच्या शंभर वर्षांत इंग्लंडची उपनगरं जोडघरांनी भरून गेली. बांधकामवाल्यांनी सामाईक भिंतीतली बचत तेवढी उचलली. दोन्ही शेजाऱ्यांनी मिळून मिरवावं असं मधलं काचघर मात्र हिशेबात बसलं नाही, आणि मग एका निम्म्याला पांढरा रंग, दुसऱ्याला खडीचा गिलावा, अशी घरं रस्तोरस्ती उभी राहिली.