पायउतार

घुबड म्हटलं की आधी डोळे आठवतात. ऑर्निमेगॅलॉनिक्स ओटेरोई या बड्या असामीची ओळख मात्र पायांपासून करून घ्यावी लागते. क्यूबाच्या गुहांत हाती लागली ती त्याच्या लांबलचक, दणकट तंगड्यांची हाडं आणि भल्यामोठ्या नख्या. 1958 मध्ये जीवाश्मांचे अभ्यासक ओस्कार आरेदोंदो यांनी त्याचं बारसं केलं. एवढं थोरलं हाड घुबडाचं असेल, हे सुरुवातीला कुणाच्या मनातही आलं नाही. दक्षिण अमेरिकेतल्या न उडणाऱ्या, दांडगट शिकारी पक्ष्यांच्या गोतावळ्यात त्याची वर्णी लागली. 1961पर्यंत चूक उमगली आणि स्वारी घुबडांत परतली.

मला त्याच्या छातीचं हाड सर्वांत बोलकं वाटतं. उडणाऱ्या पक्ष्याच्या या हाडावर मधोमध उंच कणा असतो. पंख हलवणारे स्नायू त्यालाच धरून असतात. इथे तो कणा खुरटलेला. उंची एक मीटरच्या वर, वजन अंदाजे 9 किलो. एवढा देह घेऊन गडी उडत असलाच, तर जेमतेम. बाकी सगळा कारभार पायी. दबकत यायचं, धावून गाठायचं, नख्या रोवायच्या.

आणि उडण्याचा खटाटोप करायचा तरी कशासाठी? हिमयुगातल्या क्यूबात ना वाघ होता ना लांडगा. मोठी मांसाहारी सस्तन जनावरं या बेटावर नव्हतीच, तेव्हा त्यांची गादी पक्ष्यांनी बळकावली. अवाढव्य गव्हाणी घुबडं होती, दांडगे गरुड होते, आणि जमिनीवर हे महाशय. ताटात बहुधा हुतिया नावाचे गलेलठ्ठ कृंतक, कधी एखादं जमिनीवर राहणाऱ्या स्लॉथचं पिल्लूही असेल. ते स्लॉथ क्यूबातून कधीच नाहीसे झाले. हुतिया तिथे अजून झाडांवर चढताना दिसतात.

मरणोत्तर मानमरातबही थोडेथोडके नाहीत. 1982 मध्ये आरेदोंदो यांनी याच घराण्यात आणखी तीन जाती जाहीर केल्या. हाडं लहानमोठी होती, हे त्यामागचं मुख्य कारण. पुढच्या अभ्यासकांना हा पसारा पटला नाही. सगळी हाडं एकाच जातीची, असं आता मानलं जातं, आणि मला तरी तेच पटतं. बऱ्याच घुबडांत मादी नरापेक्षा अंगाने मोठी असते. त्या तीन नव्या जातींपैकी एखादी म्हणजे ओटेरोईची बायको निघाली, तर नवल वाटायला नको.