अब्बांचा रीमर

अब्बांच्या दुकानातले पाने, पक्कड, हातोडी कोणीही मागून न्यायचे. शेजारचा पंक्चरवाला तर न विचारताच न्यायचा. पण एका लाकडी पेटीला हात लावायची परवानगी कुणालाच नव्हती. तिच्यात तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले रीमर असत.

दुकान कन्हानला, जबलपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. कोळशाचे ट्रक, नदीतल्या रेतीचे ट्रक, दिवसभर धूळ. ज्यांनी एअर फिल्टर कधी साफ केला नाही, त्यांच्या इंजिनात ती धूळ थेट जायची. राजदूत, लूना, चेतक या टू-स्ट्रोक गाड्या. त्यांना वाल नसत. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि हळूहळू गल्लोगल्ली फोर-स्ट्रोक गाड्या झाल्या. तेव्हापासून अब्बांची ही पेटी वारंवार उघडू लागली.

वाल मिनिटाला शेकडो वेळा वरखाली होतो. त्याची दांडी ज्या नळीत सरकते ती गाईड. गाईड झिजली की ऑइल खाली उतरते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, वाल आपल्या जागी नीट बसत नाही. अब्बा हेड उघडून वाल थोडा उचलत आणि बोटाने हलवून बघत. मग एवढेच म्हणत, "गाईड गई."

जुनी गाईड काढायला हेड शेगडीवर गरम करायचे. त्यावर थेट ज्योत मारायची नाही, हेड वाकते. पाण्याचा थेंब टाकून ते अंदाज घेत. नवी गाईड आधी बर्फात ठेवत, म्हणजे ती आकसते आणि गरम हेडमध्ये सहज बसते. रमजानमध्ये इफ्तारच्या सरबतासाठी आणलेल्या बर्फातला एक तुकडा अम्मीकडून मागून घेत. ती कुरकुरत देई.

खरे काम यानंतरचे. नव्या गाईडचे छिद्र मुद्दाम किंचित लहान असते आणि ठोकून बसवल्यावर आणखी आवळते. म्हणून तिचे माप ती जागेवर बसल्यावरच करायचे. रीमरवर तेल सोडायचे, तो सरळ धरायचा आणि दाब न देता सावकाश फिरवायचा. आत जाताना उजवीकडे आणि बाहेर काढतानाही उजवीकडेच. उलटा फिरवला की धातूचा कीस धारेत अडकतो, धार तुटते आणि गाईडला ओरखडे पडतात.

हे मला बारा वर्षांची असताना कळले, तेही चूक करून. अब्बा असरच्या नमाजला गेले होते. मला वाटले, थोडेच राहिले आहे, आपण करून टाकू. फिरवता फिरवता रीमर अडकला आणि स्क्रू काढावा तसा मी तो डावीकडे फिरवला. अब्बा परतले, गाईड उजेडाकडे धरून पाहिली. ओरडले नाहीत. "जो निकल गया, वो वापस नहीं लगता बेटा," एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पैशाने नागपूरहून गाईड आणली. गिऱ्हाइकाकडून जास्तीचा एक रुपया घेतला नाही.

मी बी.एड. करून उर्दू शाळेत शिकवू लागले. गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात फळ्यावर दोन संख्या लिहिल्या, ५.५ आणि ५.४५. मोठी कोणती? सारा वर्ग एका सुरात म्हणाला, पाच आशारिया चार पाच. पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे ना! शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मात्र म्हणाला, "नहीं मिस, पाँच-पैंतालीस की दांडी साढ़ेपाँच के छेद में हिलती."

हा मुलगा आठवड्यातून दोन दिवस शाळेत येई. वडील नाहीत. उरलेले दिवस एका गॅरेजात. गणितात सलग नापासाच्या काठावर. मी त्याच्या आईला भेटले. ती म्हणाली, "बाजी, शाळेने पोट भरत नाही." तिला काय उत्तर द्यावे, मला सुचले नाही.

मी त्याला घरी बोलावले. अब्बांचे हात आता थरथरतात, दुकान बंद आहे. त्यांनी पेटी उघडली. मुलगा रीमरकडे बघतच राहिला. "दादा, मुझे दोगे?" अब्बांनी त्याच्या हातात मायक्रोमीटर दिला. "पढ़." त्याला वाचता येईना. अब्बा म्हणाले, "पहले नाप पढ़ना सीख. फिर देखेंगे."

तेव्हापासून तो दर रविवारी येतो. वालची दांडी मोजतो, वहीत लिहितो, गाईडच्या मापातून वजा करतो. इनटेकच्या वालला फट कमी, एक्झॉस्ट जास्त तापतो म्हणून त्याला थोडी जास्त. शंभरावा भाग म्हणजे काय, हे मी खडू घेऊन कित्येक तास सांगत होते. त्याला ते बोटांना आधीच ठाऊक होते. फक्त कागदावर उतरत नव्हते. त्याच्या आईलाही आता सांगितले आहे: आयटीआयच्या मोटार मेकॅनिक ट्रेडला दहावी पास लागते. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

तो यंदा नववीत आहे. शाळेत चार दिवस येतो, कधी पाच. गॅरेज सुटलेले नाही, आणि ते सोड असे म्हणायची माझी हिंमत नाही; घरात येणारे पैसे तिथूनच येतात. मला घाई होते. आज सांगितले की उद्या मुलगा रोज शाळेत दिसावा, असे वाटते. मग अब्बांचा रीमर आठवतो आणि मी दाब कमी करते.

पेटी अजून अब्बांच्या उशाशीच आहे.